पाचला कुलूप

गेल्या नोव्हेंबरात आई-बाबा मिरजेहून आमच्याकडे इंग्लंडात, लीड्सला आले होते. एका शनिवारी त्यांना जवळचं यॉर्क, जुनी तटबंदी असलेलं गाव, दाखवायला नेलं. ट्रेननं अर्धा तासही लागत नाही, पण निघायला उशीर झाला, आणि तो माझ्यामुळेच झाला. पोचलो तर चारलाच अंधारून आलेलं. तटबंदीवर चढायचे जिने अंधार पडला की बंद करतात, तसे ते बंद झाले होते. व्हायकिंगांचं संग्रहालय, किल्ल्याजवळचं संग्रहालय, रेल्वेचं संग्रहालय, सगळीकडे पाचच्या सुमाराला कुलूप. साडेपाचपर्यंत दुकानांची शटरंही खाली आली. आणि नेमक्या त्याच वेळी रस्ते भरायला लागले. गुलाबी पट्टे घातलेल्या बायकांचे घोळके, एकसारखे टी-शर्ट घातलेल्या पुरुषांचे जथे. हेन पार्टी आणि स्टॅग पार्टी, म्हणजे लग्नाआधी मैत्रिणींनी नवरीला आणि मित्रांनी नवरदेवाला यथेच्छ पाजायचा कार्यक्रम. आईनं नकळत पदर सावरला.

"अगं, इथली माणसं संध्याकाळी करतात तरी काय?" बाबांनी विचारलं.

"पबमध्ये जातात."

"आणि ज्यांना जायचं नसतं ते?"

मला उत्तर देता आलं नाही. थंडीत उभं राहवेना म्हणून त्यांना मिन्स्टर कॅथीड्रलमध्ये नेलं. तिथं साडेपाचला ईव्हनसाँग असतं, म्हणजे गायकवृंदानं गायलेली सायंप्रार्थना. फुकट, उबदार, आणि कोणी धर्म विचारत नाही. आईला एवढीच चिंता, की चपला कुठं काढायच्या. पाऊण तास आम्ही त्या उंच कमानींखाली बसलो. उभ्या गावात संध्याकाळी साडेपाचला मद्याशिवाय बसायला मिळालेली ती एकमेव जागा होती, आणि तीही एका देवळानं दिलेली.

बाबांचा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. यॉर्कमध्ये यावर वाद चालूच असतो, पण तो भलत्याच गोष्टीवर चालतो असं माझं मत झालं आहे. एका बाजूला तटबंदीच्या आत राहणारे रहिवासी. शनिवारी रात्री दारात ओकलेलं, खिडकीखाली आरडाओरडा, आणि घोड्यांच्या शर्यतींच्या दिवशी तर मिकलगेट रस्ता ओलांडायचीही पंचाईत. त्यांचं म्हणणं, लायसन्सं कमी करा, पार्ट्या रोखा. दुसऱ्या बाजूला पबवाले, हॉटेलवाले, टॅक्सीवाले. दोन लाख वस्तीचं गाव पर्यटकांवर चालतं, आलेल्या गिऱ्हाइकाला नाकं मुरडू नका, हा त्यांचा मुद्दा. दोन्ही बाजू बोलतात ते दारूबद्दल, किती, कुठं आणि किती वाजेपर्यंत याबद्दल. संध्याकाळीबद्दल कोणीच बोलत नाही. गावानं आपली स्वतःची संध्याकाळ पाचला कुलूप लावून बंद करायची, किल्ली दारू विकणाऱ्यांकडे द्यायची, आणि मग रात्री दारूच का दिसते म्हणून कुरकुरायचं, असा हा प्रकार आहे.

हे असंच चालत आलंय, इंग्रज माणूस पिणारच, असं कोणी म्हटलं तर त्यानं यॉर्कचाच इतिहास उघडून बघावा.

१४२६ साली विल्यम मेल्टन नावाचा एक फ्रान्सिस्कन साधू यॉर्कमध्ये आला. कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाला तिथं मिस्टरी प्लेज होत. बायबलातल्या उत्पत्तीपासून कयामतीपर्यंतची नाटुकली, एकूण ४८, चाकांच्या गाड्यांवर. प्रत्येक नाटक एकेका व्यावसायिक संघाचं. नोहाची नौका बांधायचा प्रसंग जहाज बांधणाऱ्या सुतारांचा, शेवटच्या भोजनाचा पाववाल्यांचा, आणि ख्रिस्ताला क्रुसावर ठोकायचा प्रसंग खिळे करणाऱ्यांचा. (ही वाटणी ज्यानं केली त्याच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.) पहाटे साडेचारच्या सुमाराला पहिली गाडी निघे, शेवटची मध्यरात्रीच्या आसपास, मशालींच्या उजेडात संपे. मेल्टननं नाटकाची स्तुती केली आणि तक्रारही केली, की लोक या दिवशी खादाडी, दारूबाजी, गाणी आणि गोंगाट करतात आणि उपासना विसरतात. म्हणजे शनिवारच्या रात्रीची कुरकुर सहाशे वर्षं जुनी आहे. त्याचा सल्ला होता, नाटक एका दिवशी ठेवा, धार्मिक मिरवणूक दुसऱ्या दिवशी. पुढे घडलं ते मजेशीर. सणाच्या दिवशी नाटक जिथल्या तिथं राहिलं आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसावर सरकली. दारूचा त्रास होतो म्हणून नाटक बंद करावं, असं कोणाला सुचलं नाही.

त्याहून मोठी गंमत पुढं आहे. गाड्या गावात ठरलेल्या ठिकाणी थांबत आणि तिथं खेळ होई. आपल्या दारासमोर गाडी थांबावी म्हणून घरमालक नगरपालिकेला पैसे मोजत. जो जास्त देईल त्याच्या दारात नाटक. आज ज्या रस्त्यांवर लोक खिडकीखाली आवाज नको म्हणून अर्ज करतात, त्याच रस्त्यांवर त्यांचे पूर्वज आवाज यावा म्हणून बोली लावत होते. माणसाचे कान बदललेले नाहीत. खिडकीखाली काय चाललंय ते बदललं आहे.

आणि गावाचे स्वतःचे वादक होते. त्यांना वेट्स म्हणत. रात्रीची गस्त आणि सणासुदीचं वादन अशी दुहेरी नोकरी, पगार पालिकेचा. शतकानुशतकं हे चाललं. १८३५ च्या कायद्यानं इंग्लंडातल्या नगरपालिकांची पुनर्रचना झाली, तेव्हा वेट्स गेले. पोलीस उरले, वाद्यं गेली. माझ्या मते आजच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथं आहे. रात्रीकडे बघणारी पालिकेची नजर तेव्हापासून फक्त पहारेकऱ्याची झाली.

नाटकंही त्याआधीच, १५६९ नंतर, धर्मसुधारणेच्या वाऱ्यात बंद पडली होती. ती परत आली थेट १९५१ मध्ये, सेंट मेरीज ॲबी या जुन्या मठाच्या पडक्या भिंतींसमोर. १९५७ च्या प्रयोगात मेरीची भूमिका करणारी मुलगी यॉर्कमध्येच जन्मलेली होती. जूडी डेंच तिचं नाव, पुढे नामांकित अभिनेत्री झालेली.

मधल्या काळात श्रीमंतांनी आपली सोय करून घेतली होती. नेव्हस्मायरच्या माळावर १७३१ पासून शर्यती भरू लागल्या आणि पुढल्याच वर्षी, शर्यतीच्या आठवड्यात उमरावांना नाचायला जागा हवी म्हणून, वर्गणी काढून असेम्ब्ली रूम्स उभ्या राहिल्या. आराखडा लॉर्ड बर्लिंग्टनचा. खांबांची रांग इतकी दाट, की घेरदार झगे घातलेल्या बायकांना मधून जाता येईना, अशी तक्रार त्या काळीच झाली. थिएटर रॉयल १७४४ चं. शर्यतीसाठी आलेले पाहुणे आणि त्यांची रात्रीची चैन हा आजचा डोकेदुखीचा विषय अठराव्या शतकातही होता. फरक एवढाच, की तेव्हा त्यासाठी गावानं एक सुंदर दालन बांधलं. त्या दालनात अलीकडच्या काळात पास्ता-पिझ्झाचं रेस्टॉरंट थाटलं गेलं. त्यात काही पाप नाही. पण गावानं लोकांना एकत्र जमायला बांधलेली खोली चार-चार जणांच्या टेबलांत वाटली गेली, हे मला पोटात कुठंतरी लागतं.

यॉर्कमध्ये या विषयावर सगळ्यात खोल विचार केला तो मात्र दारूला हात न लावणाऱ्या माणसानं. चॉकलेटवाले जोसेफ राउनट्री. क्वेकर पंथाचे, पक्के मद्यविरोधी. किटकॅट ज्या कारखान्यातून आलं तो त्यांचा. त्यांनी वसवलेल्या न्यू इअर्सविक या कामगारवस्तीत पब ठेवला नाही. लोकांनी जमावं म्हणून १९०७ मध्ये फोक हॉल बांधला. एवढ्यावरून त्यांना सोवळ्या शेटजींच्या रांगेत बसवणं सोपं आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आर्थर शेरवेल यांच्या सोबतीनं त्यांनी जी मांडणी केली ती वेगळीच होती. मजूर पबमध्ये का जातो? तिथं उजेड आहे, ऊब आहे, सोबत आहे, गाणं आहे, आणि घरी यातलं काही नाही. तेव्हा नुसती बंदी घालून भागणार नाही. पबच्या तोडीस तोड आकर्षण समोर उभं करा. आणि त्याचा खर्च? तो दारूच्याच नफ्यातून काढा, असं ते म्हणत. स्कँडिनेव्हियातल्या गॉथेनबर्ग पद्धतीचा, म्हणजे दारूविक्री एका कंपनीच्या हाती ठेवून नफा लोकांच्या कामी लावायच्या पद्धतीचा, त्यांनी त्यासाठी अभ्यास केला होता. १९३५ मध्ये कारखान्याजवळ कामगारांसाठी जोसेफ राउनट्री थिएटर उघडलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. आज ते स्वयंसेवक चालवतात. गावाच्या उत्तरेला, पर्यटकांच्या वाटेपासून दूर. तिथं हौशी मंडळींची संगीतिका बघताना मला सांगलीच्या नाट्यमंदिराची आठवण होते, पडदा उघडायला होणाऱ्या उशिरासकट.

राउनट्रींचा दारूबंदीचा सोस मला मान्य नाही. चांगला पब ही इंग्रजांची एक फार शहाणी निर्मिती आहे. फॉसगेटवरचा ब्लू बेल बघा. आत दोन चिमुकल्या खोल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं लाकूडकाम जसंच्या तसं. एकटा माणूस अर्धा पाइंट घेऊन दोन तास बसला तरी कोणी उठवत नाही. हा गावकीचा दिवाणखाना आहे. हेन पार्टीच्या त्रासाची शिक्षा ब्लू बेलला देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं. पण राउनट्रींचा मूळ प्रश्न आजही तसाच आहे: पबच्या तोडीस तोड दुसरं काय उघडं आहे?

कायद्याला हा प्रश्न विचारताच येत नाही. पबच्या वेळांवरचे इंग्लंडातले जाचक निर्बंध पहिल्या महायुद्धातले, दारूगोळ्याच्या कारखान्यातले मजूर शुद्धीवर राहावेत म्हणून आणलेले. दुपारची सक्तीची बंदी १९८८ पर्यंत टिकली, म्हणजे युद्ध संपून सत्तर वर्षं. २००३ चा लायसन्सिंग ॲक्ट नोव्हेंबर २००५ मध्ये लागू झाला आणि रात्री अकराची सरसकट लास्ट ऑर्डर्सची, म्हणजे शेवटचा पेला मागवायची, घंटा गेली. तेव्हा पुढाऱ्यांना इटली-फ्रान्ससारखी निवांत रात्र येईल अशी आशा होती. आता त्या कायद्यात लायसन्स देताना पालिकेनं काय बघायचं ते वाचा. गुन्हे आणि बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षा, उपद्रव रोखणं, मुलांचं अपायापासून रक्षण. चार उद्दिष्टं, आणि चारही 'काय होऊ नये' याची. गावात गाणं असावं, साठीच्या माणसाला रात्री आठला जायला ठिकाण असावं, न पिणाऱ्यालाही बसता यावं, हे बघायचा अधिकारच त्यात नाही. नियम करणारा फक्त उपद्रव मोजतो, आणि फक्त उपद्रव मोजला की उपद्रव सहन करूनही ज्याला परवडतं तोच टिकतो. पबांची मोठी साखळी वकील लावते, दारावर चार धटिंगण उभे करते. एका खोलीत गिटार वाजवणारा लायसन्सच्या अर्जापाशीच दमतो. २०१२ च्या लाइव्ह म्युझिक ॲक्टनं छोट्या कार्यक्रमांचं थोडं ओझं हलकं केलं, हे मान्य करायला हवं.

फिबर्स ही यॉर्कची गाजलेली संगीताची जागा १९९२ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये बंद पडली. डचेस त्याआधीच, २०१६ मध्ये गेली. शेड सेव्हनसारखा इथलाच बँड अशा अंधाऱ्या, चिकट फरशीच्या खोल्यांत वाढला. स्टेशनजवळ क्रेसंट आहे. पूर्वीचा कामगारांचा क्लब, आता गावकऱ्यांच्या जोरावर चालणारी संगीताची जागा. तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा रांगेत माझ्यापुढं एक सत्तरीच्या बाई विणकाम करत उभ्या होत्या. क्रेसंटला मद्य मिळतंच, पण लोक मद्यासाठी येत नाहीत. माझा सगळा मुद्दा या एका खोलीत मावतो.

आवाजाचं काय? रहिवाशांची बाजू मी हलक्यात घेत नाही. आवाजाची सर्वांत टोकाची तक्रार यॉर्कच्याच खात्यावर आहे. १ फेब्रुवारी १८२९ च्या रविवारी जोनाथन मार्टिन नावाचा एक इसम मिन्स्टरमध्ये सायंप्रार्थनेला बसला होता. ऑर्गनच्या घरघरीनं त्याचं डोकं उठलं. तो आतच लपून राहिला आणि रात्री त्यानं गायकवृंदाच्या लाकूडकामाला आग लावली. छपराचाही मोठा भाग जळाला. त्याला वेडा ठरवून कोंडलं गेलं. मूळ तक्रार मात्र आजही ओळखीची वाटते. पण ऑर्गन आधी होता आणि मार्टिन नंतर आला, हेही खरं. इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ पासून हेच तत्त्व आहे. आधीपासून चालू असलेल्या संगीताच्या जागेशेजारी नवे फ्लॅट बांधले, तर आवाज अडवायची जबाबदारी बांधणाऱ्याची. हे न्याय्य आहे, आणि पुरेसं नाही. रहिवाशाला जो छळतो तो तबला-गिटारचा आवाज नसतोच. रात्री दोनला रस्त्यावर पडणाऱ्या, पुढं कुठंच जायला नसलेल्या माणसांचा असतो. त्यातले काही नदीकाठानं झोकांड्या खात जातात. ऊज नदीनं अशी किती तरुण पोरं गिळली आहेत. शनिवारी रात्री नदीवर बोट घेऊन फिरणारे स्वयंसेवक त्यासाठीच आहेत.

आवाज मोजून रात्रीचा निकाल लावायची खोड फक्त इंग्रजांची नाही. बाबा मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसात रात्र-रात्र गाणं ऐकत वाढले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातही एके काळी पहाट व्हायची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाला माइक बंद, एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत. मध्यरात्रीचा दरबारी राग मैफलीतून असा नियमानं हद्दपार झाला, आणि डीजेच्या भिंती मिरवणुकीत आहेत त्या आहेतच. यॉर्कमध्ये इथल्या लायसन्सच्या कटकटी ऐकून बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही गाणारेच सापडतात पकडायला."

आता पैशाचा प्रश्न. संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायचं तर माणसं लागतात, दिवे लागतात, शेवटची बस लागते. २०१० नंतर इंग्लंडातल्या पालिकांचं कंबरडं मोडलेलं आहे. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर टाळ्या घेणारं उत्तर माझ्याकडे नाही. पण रोज सगळं उघडा असं कोण म्हणतंय? जूनमध्ये यॉर्कला सूर्य साडेनऊनंतर मावळतो. पाचला कुलूप लावलं, की चार-साडेचार तासांचा लख्ख उजेड वाया जातो. आठवड्यातले दोन दिवस, आळीपाळीनं एकेक संग्रहालय, एवढ्यानंही फरक पडेल. वॉल्मगेटजवळच्या जुन्या सेंट मार्गरेट चर्चमध्ये २००० पासून प्राचीन संगीताचं केंद्र चालतं, आणि ते काही कोणाला लुटून चाललेलं नाही. गावात मध्ययुगीन चर्चेस डझनाच्या वर आहेत. त्यांतली कितीतरी संध्याकाळी रिकामी असतात. खर्चासाठी मँचेस्टरकडे बघता येईल. तिथल्या मध्यवस्तीतली हॉटेलं २०२३ पासून प्रत्येक खोलीमागे रात्रीला एक पाउंड घेतात. शनिवारी यॉर्कला पार्टीसाठी उतरणाऱ्यानं खोलीमागे एक पाउंड दिला आणि त्यातून एक संग्रहालय उघडं राहिलं, तर राउनट्रींची जुनी युक्ती सव्वाशे वर्षांनी अमलात येईल.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. पिऊन धिंगाणा घालायला आलेली माणसं संग्रहालयात थोडीच जाणार, तुमची ही मध्यमवर्गीय स्वप्नं आहेत, असं एक मैत्रीण म्हणाली. कदाचित असेल. पण त्या शनिवारी आम्ही मिन्स्टरमधून बाहेर पडलो, सूप प्यायलो, आणि भुताच्या फेरीला गेलो. यॉर्कमध्ये १९७३ पासून या फेऱ्या चालतात. उंच काळी टोपी घातलेला एक गृहस्थ माणसांचा घोळका घेऊन बोळांमधून फिरतो आणि भुतांच्या गोष्टी सांगतो. इमारत नाही, लायसन्स नाही, पेला नाही. पाऊस भुरभुरत होता. आमच्या घोळक्यात हेन पार्टीतल्या पाचजणी येऊन मिसळल्या, पट्टे आणि चमकणारे मुकुट यांसकट. मी मनात म्हटलं, आता संपलं. पण एका बोळात त्या माणसानं आवाज खाली आणला आणि नवरीमुलीनं पहिल्यांदा मैत्रिणीला गप्प केलं. इंग्रजीतलं निम्मं न कळताही आई तिच्या बाजूला सरकून उभी राहिली. कुठंतरी दार आपटलं तेव्हा दोघी एकदमच दचकल्या, आणि त्या मुलीनं आईचा हात धरला तो गोष्ट संपेपर्यंत सोडला नाही.

नऊच्या सुमाराला फेरी संपली. त्या पाचजणींतल्या एकीनं टोपीवाल्याला विचारलं, "असंच अजून काही आहे का, आत्ता?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं, खांदे उडवले, आणि समोरच्या पबकडे बोट दाखवलं.